नियमानुसार जगबुडी

अणुयुद्ध सुरू करायला दोन चाव्या लागतात, हे मी एका इंग्रजी चित्रपटात पाहिलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कारण बँकेची तिजोरी उघडायलाही दोनच चाव्या लागतात. एक हेड कॅशियरकडे, दुसरी साहेबांकडे. एकाचं डोकं फिरलं तर निदान दुसऱ्याचं ठिकाणावर असावं, ही त्यामागची उदात्त कल्पना. (दोघांचंही एकदम फिरलं तर काय, यावर आमचं सर्क्युलर मौन पाळतं.) अमेरिकेच्या क्षेपणास्त्रांच्या भुयारातही दोन अधिकारी बसतात, आणि दोन कुलपं एकमेकांपासून इतकी लांब बसवलेली असतात, की एकाच माणसाने कितीही हात ताणले तरी त्याला दोन्ही चाव्या एकदम फिरवता येऊ नयेत. ही युक्ती ज्याला सुचली तो पूर्वाश्रमीचा बँकवाला असणार, असा मला दाट संशय आहे.

आता चित्रपटसमीक्षा हा काही माझा प्रांत नव्हे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कॅमेऱ्याचा कोन आणि दिग्दर्शकाचा दृष्टिकोन यांत नेमका किती अंशांचा फरक असतो, ते मला सांगता येणार नाही. पण दोन महासत्तांमधल्या अणुयुद्धाचे चित्रपट म्हटले, की मी रात्र रात्र जागतो. सोव्हिएत युनियन १९९१ साली निकालात निघाला, शीतयुद्धाचं खातं बंद झालं, पण हे चित्रपट आपले अजून चालूच आहेत, आणि आता तर घरबसल्या दिसतात. आमच्या हिला हे मुळीच पसंत नाही. "अहो, दिवसभर बँकेत बसून येता, रात्री तरी काही वेगळं बघा ना," असं ती म्हणते. गंमत अशी, की मला त्यात वेगळं काही दिसतच नाही. सगळं बँकेतलंच दिसतं.

जाणकार लोक लिहितात, की हे चित्रपट भीतीचे आहेत, वेडाचे आहेत, विज्ञानाच्या अहंकाराचे आहेत. असतीलही. माझं नम्र कारकुनी मत असं, की हे चित्रपट कार्यालयीन कामकाजाचे आहेत. जरा आठवून पाहा. युद्धपट म्हणावेत, तर त्यांत शत्रू जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ती टेबलं, फोन, नकाशे, फायली आणि घाम पुसणारे अधिकारी. कुणीतरी हुकूम काढतो, कुणीतरी तो पडताळून बघतो, तिसरा कुणीतरी त्यावर मम म्हणतो आणि जग रीतसर, नियमानुसार संपतं. कुणाच्याही गोपनीय अहवालात वाईट शेरा पडू नये अशा बेताने!

या जातीचा मेरुमणी म्हणजे स्टॅन्ले क्यूब्रिकचा 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' हा १९६४ चा चित्रपट. मूळ कादंबरी पीटर जॉर्ज यांची, १९५८ ची, आणि चांगली गंभीर. क्यूब्रिकही पटकथा लिहायला बसला तो गंभीरपणेच. पण लिहिता लिहिता त्याच्या ध्यानात आलं, की खऱ्या व्यवस्थेतल्या गोष्टी जशाच्या तशा मांडल्या तरी माणसाला हसूच येतं. मग त्याने हसू दाबण्याचा नाद सोडला आणि सरळ विनोदी चित्रपट काढला. विनोदी लेखनाचं याहून सोपं तंत्र मी ऐकलेलं नाही.

त्यात जॅक रिपर नावाचा एक हवाई दलाचा जनरल आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणं हा कम्युनिस्टांचा कट आहे, अशी त्याची पक्की समजूत. तेवढ्यासाठी तो आपली विमानं अणुबॉम्बसह रशियावर सोडतो. आता तुम्ही विचाराल, की असा हुकूम देण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षाचा ना? राष्ट्राध्यक्षही हेच विचारतो. तेव्हा त्याला अदबीने सांगण्यात येतं, की वरिष्ठ मारले गेले तर खालच्या अधिकाऱ्याला हल्ल्याचा हुकूम देता यावा अशी एक योजना आहे, आणि साहेब, तिला मंजुरी आपणच दिली होती. हे ऐकताना राष्ट्राध्यक्षाचा जो चेहरा होतो, तो ओळखायला इंग्रजी यावं लागत नाही. ढिगातल्या सतराव्या कागदावर न वाचता सही करणाऱ्या कुठल्याही साहेबाचा तो चेहरा आहे.

विमानं परत बोलवायची, तर तीन अक्षरांचा संकेत हवा, आणि तो एकट्या रिपरला ठाऊक. इंग्रजीची सव्वीस अक्षरं तीन जागी मांडली तर १७,५७६ जोड्या होतात. (हा हिशेब मी वाणिज्य शाखेच्या बळावर स्वतः केला.) रिपरच्या हाताखालचा एक गरीब इंग्रज अधिकारी, त्याने कागदावर गिरगटलेल्या अक्षरांवरून तो संकेत हुडकून काढतो. आता वॉशिंग्टनला एक फोन केला की जग वाचलं! पण तळावरचे फोन बंद. उरला तो नाणं टाकून बोलायचा सार्वजनिक फोन, आणि याच्या खिशात सुटे पैसे नाहीत. पलीकडे पैसे भरा म्हणावं, तर संरक्षण खातं तो कॉल घ्यायला तयार नाही. शेवटी शीतपेयाच्या यंत्रावर गोळी झाडून नाणी काढायचा प्रस्ताव येतो, तर समोरचा कर्नल म्हणतो, ही खाजगी मालमत्ता आहे, कंपनीला जबाब तुला द्यावा लागेल. जग बुडत असताना मालमत्तेची काळजी वाहणारा हा कर्नल मला मुळीच अतिशयोक्त वाटला नाही. सुट्या पैशांवाचून माणसाचे कसे हाल होतात, हे ज्याने काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभं राहून पाहिलंय, त्याला तर नाहीच नाही.

आणि ते रशियाचं सर्वनाशी यंत्र! कुणी हल्ला केला की ते आपोआप सुरू होणार आणि साऱ्या पृथ्वीवरचं जीवन संपवणार. थांबवायची सोयच नाही. उद्देश असा, की ते आहे या भीतीनेच कुणी हल्ला करू नये. झकास कल्पना! फक्त हे यंत्र बसवल्याचं जगाला सांगायचं राहिलेलं असतं. पंतप्रधानांना लोकांना चकित करायची हौस, म्हणून घोषणा सोमवारी व्हायची असते. सर्क्युलर निघालेलं आहे पण टेबलावर पोचलेलं नाही, आणि अंमलबजावणी मात्र मागल्या तारखेपासून. नोकरदार माणसाला यात कसला आलाय धक्का?

पण या चित्रपटाचं खरं मर्म माझ्या मते रिपरच्या वेडात नाही. वेडा माणूस कुठल्याही कचेरीत एखादा असतोच, त्याच्यावाचून कचेरी चालत नाही. मर्म आहे ते त्या शेवटच्या विमानात. बहुतेक विमानं परत फिरतात, पण एकाचा रेडिओ निकामी झालेला असतो. त्या विमानातली पोरं कशी आहेत? हुशार, शूर, आज्ञाधारक. इंधन गळतंय, दारं अडकलीयेत, तरी काम पुरं करतात. कप्तान स्वतः बॉम्बवर मांड ठोकून खाली जातो! आणि त्यांच्या कर्तव्यनिष्ठेपायी जग संपतं. त्यांच्यात एक जरी आळशी, कामचुकार, 'बघू, उद्या करू' म्हणणारा निघाला असता, तरी चित्रपटाचा शेवट गोड झाला असता.

त्याच वर्षी, त्याच कोलंबिया कंपनीने, जवळजवळ त्याच गोष्टीवरचा दुसरा चित्रपट आणला. सिडनी ल्युमेटचा 'फेल सेफ'. दोन्हींच्या मूळ कथा इतक्या सारख्या, की प्रकरण कोर्टात गेलं. क्यूब्रिकने आपला चित्रपट आधी लागेल अशी तजवीज केली. त्यामुळे जानेवारीत जिथे लोक पोट धरून हसले होते, तिथे ऑक्टोबरात त्यांना गंभीर व्हायला सांगण्यात आलं. ते काही जमलं नाही आणि 'फेल सेफ' आपटला. एकाच लग्नात आधी वात्रट मावसभावाने आणि मग गंभीर काकांनी भाषण करावं, तसं झालं.

पण मंडळी, 'फेल सेफ' जरूर बघा. त्यात कुणी वेडा नाही. यंत्रातला एक भाग बिघडतो, चुकीचा हुकूम जातो आणि विमानं मॉस्कोकडे निघतात. त्यांना पढवलेलं असतं, की एका ठरावीक टप्प्यापुढे तोंडी हुकूम मानायचा नाही. शत्रू आवाजाची नक्कल करील! त्यामुळे राष्ट्राध्यक्ष स्वतः बोलला तरी ती ऐकत नाहीत. एका वैमानिकाची तर बायको आणून रेडिओवर बोलायला लावतात. तरी तो ऐकत नाही. ("तुमच्यातलाच दिसतो," हा इथे आमच्या घरातून आलेला अभिप्राय.) पार्श्वसंगीत अजिबात नाही. एका खोलीत हेन्री फोंडा फोन घेऊन बसलाय, शेजारी दुभाषा, आणि घाम आपल्याला फुटतो.

आणि शेवट! मॉस्को वाचवता येत नाही. हे चुकून झालं यावर रशियाने विश्वास कसा ठेवावा? मग अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आपल्याच हवाई दलाला हुकूम देतो, न्यूयॉर्कवर बॉम्ब टाका. त्याची स्वतःची बायको त्या वेळी न्यूयॉर्कात आहे. मॉस्को नावे, न्यूयॉर्क जमा. ताळेबंद जुळला! समीक्षकांनी या शेवटाला काय काय म्हटलं असेल ते असो. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. आम्ही आयुष्यभर दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली म्हणजे सुटकेचा श्वास सोडतो. दोन्ही बाजू अचूक जुळलेल्या असताना पोटात गोळा यावा, असा हिशेब मी त्याआधी पाहिला नव्हता. माझी तक्रार एकच आहे. इतका सज्जन राष्ट्राध्यक्ष फक्त चित्रपटातच मिळतो. त्याच्या सज्जनपणावर भार टाकून चित्रपट व्यवस्थेला जरा स्वस्तात सोडतो.

जाता जाता एक गोष्ट. या दोन्ही चित्रपटांत राष्ट्राध्यक्ष मॉस्कोशी फोनवर बोलतो. प्रत्यक्षात ३० ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात जी थेट सोय सुरू झाली, ती फोनची नव्हतीच. ती होती टेलिप्रिंटरची. म्हणजे जगाचं भवितव्य बोलणाऱ्याच्या नव्हे, टंकलेखकाच्या हाती. आणि चाचणी म्हणून अमेरिकेने पहिला संदेश कोणता पाठवावा? टायपिंगच्या क्लासात सगळी अक्षरं यावीत म्हणून घोटून घेतात ते, आळशी कुत्र्यावरून उडी मारणाऱ्या चपळ कोल्ह्याचं वाक्य! हे दृश्य एकाही दिग्दर्शकाने वापरू नये, याचं मला वाईट वाटतं.

हे झाले साहेबांच्या केबिनमधले चित्रपट. दुसरी जात आहे ती काउंटरच्या अलीकडची. बॉम्ब कुणी टाकला, का टाकला, याच्याशी यांना कर्तव्य नाही. बॉम्ब पडल्यावर घरात काय झालं, ते बघा म्हणतात.

यांत मान 'ऑन द बीच'चा, १९५९ चा. उत्तर गोलार्ध युद्धात संपलेला, आणि किरणोत्सारी हवा हळूहळू ऑस्ट्रेलियाकडे सरकतेय. मेलबर्नच्या लोकांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही, पण पाच-सहा महिन्यांत तेही जाणार. बहुतेक अणुयुद्धपटांत आपल्यासारखे देश कुणाच्याच खतावणीत नसतात. दोन थोरल्या घरांची भांडणं चाललीयेत, बाकी आळीचं काय होतंय ते कोण बघतो? या चित्रपटाने निदान आळी दाखवली. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून तारयंत्राचे सांकेतिक आवाज येतात, म्हणून कुणी जिवंत आहे का पाहायला पाणबुडी निघते. पोचल्यावर दिसतं काय? खिडकीच्या पडद्याच्या दोरीत शीतपेयाची बाटली अडकलीय आणि वाऱ्याने ती यंत्रावर आपटतेय. माणसं गेली, बाटली कामावर हजर. शेवटी सरकार लोकांना सुखाने मरायच्या गोळ्या वाटतं आणि लोक त्यासाठी शिस्तीत रांग लावतात. इथे मात्र माझा विश्वास उडाला. रांगेचा मला काही वर्षांचा अनुभव आहे. 'आम्हाला फक्त एक विचारायचंय' म्हणत पुढे घुसणारा एकही इसम त्या रांगेत नाही! एकंदरीत चित्रपट फार इस्त्रीचा. ग्रेगरी पेक आणि एव्हा गार्डनर इतके देखणे, की जग जातंय त्यापेक्षा ही जोडी जातेय याचीच हळहळ वाटते.

ती इस्त्री मोडली पीटर वॉटकिन्सने. त्याने १९६५ साली बीबीसीसाठी 'द वॉर गेम' केला. केंट परगण्यावर बॉम्ब पडल्यावर काय होईल, ते बातमीपटासारखं दाखवलं. बीबीसीने तो बघितला आणि दूरदर्शन संचावर दाखवायचा नाही असं ठरवलं. चित्रपटगृहांत लागला, माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, पण बीबीसीवर तो दिसला १९८५ साली. वीस वर्षं फाइल पुढे सरकली नाही म्हणायची. तीही घडून गेलेल्या नव्हे, न घडलेल्या गोष्टीची!

मधल्या काळात २० नोव्हेंबर १९८३ ला अमेरिकेत 'द डे आफ्टर' दाखवला गेला. सुमारे दहा कोटी लोकांनी तो एका रात्रीत पाहिला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो आधीच पाहिला होता, आणि त्याने आपण फार खिन्न झालो अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली. मला त्यातला एक छोटा प्रसंग आवडला. सरकारी सल्लागार शेतकऱ्यांना सांगतो, की जमिनीचा वरचा विषारी थर काढून टाका आणि मग पेरा. शेतकरी विचारतात, काढलेली माती टाकायची कुठे? सल्लागाराकडे उत्तर नाही. वरून आलेली सूचना आणि खालून आलेला प्रश्न यांची अशी भेट जगात सगळीकडे होत असते. बाकी चित्रपट टेलिव्हिजनच्या बेताचा.

पुढच्याच वर्षी इंग्रजांनी 'थ्रेड्स' काढला आणि सांगितलं, की हे बघा, याला म्हणतात अणुयुद्ध. गाव शेफील्ड. लग्न ठरलेली एक मुलगी आणि एक मुलगा. त्यांचं घर बघणं, भिंतींना रंग देणं चाललेलं, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर इराणच्या बातम्या. कुणी तिकडे लक्ष देत नाही. जसं आपण देत नाही. नगरपालिकेच्या तळघरात आणीबाणीची समिती बसवलेली आहे. पालिकेचा मुख्य अधिकारी, अन्नधान्यवाला, वाहतूकवाला, आरोग्यवाला. बॉम्ब पडतो, इमारत वर कोसळते आणि तळघराचं तोंड बुजतं. आत हे सगळे नकाशे लावून, सिगारेटी ओढत, फोन लागत नसताना भांडताहेत, की धान्य कुणाला किती द्यायचं. बाहेर धान्य नाही, गाडी नाही, रस्ता नाही. बैठक मात्र चालू आहे! काही आठवड्यांनी शिपाई ढिगारा उपसून आत येतात, तेव्हा सगळी समिती मरून पडलेली असते. पुढे निवेदक शांतपणे सांगतो, की आता पैशाला काही अर्थ उरलेला नाही, अन्न हेच चलन. माझ्यासारख्याची अख्खी हयात एका वाक्यात निकालात काढली. आजवर मी जेवढे पाहिले, त्यांत 'थ्रेड्स' मला सर्वांत खरा वाटतो. कारण तो राक्षस दाखवत नाही. तो भली, गोंधळलेली, नेमून दिलेलं काम करू पाहणारी माणसं दाखवतो, आणि त्या कामाखालची जमीनच कशी निघून गेलीय तेही दाखवतो.

आमच्या हिने यांतला एकच चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. 'व्हेन द विंड ब्लोज', १९८६ चा. रेमंड ब्रिग्जच्या चित्रपुस्तकावरून केलेला. चित्रांचा आहे म्हणून मुलांचा असेल, या भरवशावर ती बसली. खेड्यातलं एक म्हातारं जोडपं. नवरा सरकारी पत्रक आणतो आणि त्यातल्या हुकमाप्रमाणे घराचे दरवाजे काढून भिंतीला ६० अंशांच्या कोनात टेकवून आसरा बांधतो. अशी पत्रकं सरकारने खरोखरच छापली होती बरं का! बायको म्हणते, भिंतीचा रंग खरवडेल. हल्ल्याची सूचना येते तेव्हा बाई वाळत घातलेले कपडे काढायला निघालेल्या असतात. मग दोघं त्या दरवाजांआड बसतात, आणि सरकार काहीतरी करीलच या विश्वासाने, एकमेकांना धीर देत, थोडे थोडे मरतात. शेवटपर्यंत सरकारवर राग नाही. पत्रकात लिहिलंय ना! मध्ये मी काहीतरी विनोद करायला गेलो, तर ही म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." पुढे बराच वेळ ती काहीच बोलली नाही. नंतर उठून गॅलरीतले कपडे आत घेऊन आली. पाऊस नव्हता.

आता पुन्हा त्या दोन चाव्यांकडे येतो, कारण माझं सगळं भांडण तिथेच आहे. १९८३ च्या जूनमध्ये 'वॉरगेम्स' नावाचा चित्रपट आला. त्याच्या पहिल्याच प्रसंगात भुयारातल्या दोघांना क्षेपणास्त्र सोडायचा हुकूम येतो. संकेत जुळतो, सगळं नियमानुसार. धाकटा चावी घालून तयार. पण वरिष्ठ म्हणतो, मला आधी कुणालातरी फोनवर विचारायचंय, दोन कोटी माणसं मारायच्या आधी मला एक जिवंत आवाज ऐकायचाय. धाकटा पिस्तूल रोखतो आणि चावी फिरवायला सांगतो. वरिष्ठ चावी फिरवत नाही. मग कळतं, की ही नुसती चाचणी होती, आणि तीत २२ टक्के अधिकाऱ्यांनी असंच केलं. साहेब लोक यावरून काय निष्कर्ष काढतात? माणूस भरवशाचा नाही, भुयारात संगणक बसवा! पुढे तो संगणक आणि एक वात्रट पोरगा मिळून जगाला कसं काठावर नेऊन ठेवतात, ती गंमत प्रत्यक्षच बघा. रेगननी हा चित्रपट पाहून आपल्या सेनापतींना विचारलं, की असं खरंच होऊ शकेल का? आठवड्याने उत्तर आलं, स्थिती आपण समजता त्याहून वाईट आहे. चित्रपट बघून सरकारने एवढं हलल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

पण मला विचाराल, तर ते २२ टक्के हाच त्या चित्रपटाचा नायक आहे. दिग्दर्शकाने त्यांना पाच मिनिटांत पडद्याआड केलं, ही त्याची चूक.

कारण त्याच वर्षी, २६ सप्टेंबरच्या मध्यरात्री, मॉस्कोजवळच्या एका भुयारी केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा लेफ्टनंट कर्नल पाळीवर होता. वय चव्वेचाळीस. उपग्रहाने सांगितलं, अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलं. मग दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. भोंगा वाजतोय, तांबडी अक्षरं लकाकताहेत. नियम असा, की ताबडतोब वर कळवायचं. पेत्रोवने विचार केला, की ज्याला युद्धच करायचंय तो पाचच कशाला सोडील? शिवाय यंत्रणा नवी, तिच्यावर अजून विश्वास बसलेला नाही. त्याने वर कळवलं, इशारा खोटा आहे. त्याच्याकडे पुरावा काही नव्हता. पुढची काही मिनिटं तो वाट बघत बसला. क्षेपणास्त्रं आली नाहीत. ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन यंत्राला क्षेपणास्त्रांसारखं दिसलं होतं.

तारखा जरा ताडून बघा. जूनमध्ये 'वॉरगेम्स', नोव्हेंबरात 'द डे आफ्टर', आणि बरोबर मधे ही रात्र. दहा कोटी माणसं दिवाणखान्यात बसून खोटी जगबुडी बघून घाबरली, आणि खरी दोन महिन्यांपूर्वी एका खुर्चीवरच्या माणसाने परत पाठवलीय, याचा त्यांना पत्ता नव्हता. तो लागायला पुढचं दशक उजाडावं लागलं.

पुढच्या चित्रपटांनी अशा माणसाची दखल घेतली, नाही असं नाही. १९८६ च्या 'मृत माणसाची पत्रं' या सोव्हिएत चित्रपटात एकाला यंत्राची चूक वेळेवर दिसते, पण हातात कॉफीचा कप असल्यामुळे तो पोचायला काही सेकंद उशीर करतो आणि जग जातं. १९९५ च्या 'क्रिमझन टाइड'मध्ये अमेरिकन पाणबुडीवर अर्धवट संदेश येतो. कप्तान म्हणतो क्षेपणास्त्र सोडू, दुय्यम अधिकारी म्हणतो आधी खात्री करू. तिथे डेन्झेल वॉशिंग्टनची घासाघीस बघताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण तो पडला नायक. त्याच्यामागे वाद्यवृंद आहे. २०२५ च्या 'अ हाऊस ऑफ डायनामाइट'मध्ये सगळी माणसं हुशार, सगळी यंत्रणा तत्पर, आणि तरी अठरा-एकोणीस मिनिटांत कुणालाच धड विचार करता येत नाही. चित्रपट निर्णयाच्या उंबऱ्यावरच थांबतो. पुष्कळ लोक त्याच्यावर चिडले. मला तो प्रामाणिक वाटला. उत्तर नसताना त्याने उत्तराचा आव आणला नाही.

साठ-सत्तर वर्षं हे चित्रपट आपल्याला विचारताहेत, की बटण कोण दाबील? वेडा जनरल, बिघडलेलं यंत्र, की बेबंद संगणक? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा असा, की सगळे नियम दाबायला सांगत असताना न दाबणारा माणूस तिथे शिल्लक ठेवायचा की नाही? यंत्र वेगवान झालं की पहिली कात्री बसते ती त्या घुटमळण्याला. आणि आजवर जग टिकलंय ते बहुधा त्या घुटमळण्यावर.

पेत्रोवला पुढे काय मिळालं म्हणता? चौकशी. साहेबांनी विचारलं, त्या वेळी नोंदवही का भरली नाहीस? तो म्हणाला, एका हातात फोन होता, दुसऱ्यात इंटरकॉम, तिसरा हात मला नाही. नोंदवही न भरल्याबद्दल त्याच्यावर ठपका आला. २०१७ साली तो वारला.

आमच्या ऑडिटर मंडळींना मी हे सांगितलं, तर ते म्हणतील, ठपका योग्यच होता, नोंद ही झालीच पाहिजे. त्यांचं खरं आहे. फक्त एवढंच त्यांनी शेऱ्यात लिहावं, की आक्षेप घ्यायला ऑडिटर उरला, तो त्या न भरलेल्या वहीमुळे.